सुमे, हे नुसतं वय नव्हे

कोल्हापूर, 20 नोव्हेंबर 2021

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आईचं वय झालंय, विसरणारच की." काकू शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी बोलले नाही.

7 ऑक्टोबरला, घटस्थापनेदिवशी, कोविडमुळे बंद असलेलं अंबाबाईचं देऊळ पुन्हा उघडलं. चला म्हटलं, तर "नको गं, परत कधीतरी." एकही शुक्रवार न चुकवणाऱ्या काकू! उन्हाळ्यातली चटणी यंदा राहूनच गेली होती, म्हणून दिवाळीआधी थोडी करायला बसलो. मिरच्या, खोबरं सगळं भाजून झालं आणि काकू थांबल्या. "मीठ किती गं घालायचं?" अख्खी गल्ली ज्यांना प्रमाण विचारायला यायची, त्या! हात परातीत तसाच, डोळे भरलेले.

मे महिन्यात काकांना अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं, ते परत दिसलेच नाहीत. दिवस घातले चार माणसांत. भेटायला कोणी येऊ शकलं नाही, कुणाच्या गळ्यात पडून रडणं झालंच नाही. भिशीही बंद. आता पहाटे तीनला उठून बसतात, अर्ध्या भाकरीवर ताट सारतात.

उतारवयातलं नैराश्य कितीदा विसरभोळेपणाचंच रूप घेऊन येतं, सुमे. लक्षच लागत नाही, गोष्ट मनात शिरत नाही, मग आठवणार कुठून? दिसतं डिमेन्शियासारखं, म्हणजे मेंदूच्या आजारानं स्मृती जाते तसं, पण उपचारांनी पुष्कळदा सुधारतं. आणि अंगावर काढलं तर पुढे खऱ्या डिमेन्शियाचा धोका वाढतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं 2020 मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या 12 अशा गोष्टी दिल्या, ज्यांवर काही करता येतं. नैराश्य, एकटेपणा आणि कमी ऐकू येणं त्यात आहेत. काकूंचा डावा कान तुला ठाऊक आहे. लोकांच्या तोंडाला मास्क आले, ओठ दिसेनासे झाले, तशा त्या चारचौघांत बोलायच्याच बंद झाल्या. शिवाय त्यांना स्वतःला कोविड होऊन गेलाय, त्याचाही परिणाम असू शकतो.

म्हणून आधी बी-12 आणि थायरॉईड तपासू, कान दाखवू, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. झोपेची गोळी मात्र मनानं कुणी देऊ नका, त्यानं विसरणं वाढतं. "आई काय वेडी आहे काय?" म्हणून दादा अडतील. त्यांच्याशी तूच बोल, माझं ऐकणार नाहीत. आणि चार दिवस तरी ये. डॉक्टर विचारतील, हे कधीपासून सुरू झालं. ते तुझ्याइतकं नीट कोण सांगणार?

तारीख कळव, त्याप्रमाणे नंबर लावते.

तुझीच,
विजू