भेट आलेले घड्याळ बदलून आणण्यापूर्वी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सुट्टीत भेट आलेली मनगटी घड्याळे हातावर चढतात आणि दोन-तीन दिवसांतच त्यांचा निकालही लागतो. कोणी घड्याळ मोबाइलशेजारी धरतो आणि ते पाच सेकंद पुढे गेलेले पाहून नाराज होतो; कोणाचे सेकंदाला सेकंद जुळते, म्हणून तो निर्धास्त होतो. माझ्या अनुभवावरून सांगतो, त्या घडीला दोघांनाही आपल्या घड्याळाविषयी फारसे काही कळलेले नसते. या घाईपायी चांगली घड्याळे परत जातात आणि सदोष घड्याळे घरात राहतात, याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या सुट्टीत आमच्याकडे दोन घड्याळे आली. धाकट्या भावाने मला ऑटोमॅटिक घड्याळ दिले, म्हणजे सेल नसलेले, हाताच्या हालचालीबरोबर आतले वजन फिरून ज्याची चावी आपोआप भरते असे. आणि मुलीला तिच्या मामाने सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घड्याळे टेबलावर शेजारी ठेवून मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं घड्याळ एका दिवसात अकरा सेकंद पुढे गेलं. काकांना सांगून बदलून घ्या." तिचे घड्याळ त्या वेळी तंतोतंत होते. मी ते बदलून घेतले नाही. एक वही काढली आणि महिनाभर रोज सकाळी सात वाजता दोन्ही घड्याळांचा खऱ्या वेळेशी पडलेला फरक तीत लिहीत गेलो.

पहिला धडा वेळ पाहण्याचाच होता. सेकंदकाटा आणि पडद्यावरचे आकडे एकदम पाहताना अर्ध्या सेकंदाची चूक कोणाच्याही हातून होते. आता साध्या क्वार्ट्झ घड्याळाबरोबरच्या पत्रकात बहुधा महिन्याला १५ सेकंद पुढे किंवा मागे एवढी मर्यादा दिलेली असते, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. याचा अर्थ असा, की एका दिवसाच्या तपासणीत आपल्या डोळ्याची चूक आणि घड्याळाला दिलेली सगळी मुभा या दोन्ही सारख्याच भरतात. तीच अर्ध्या सेकंदाची चूक तीस दिवसांच्या फरकात झाली, तर तिने फारसे बिघडत नाही. मुलीचे घड्याळ पहिल्या सकाळी तंतोतंत दिसले, कारण डोळ्यांना जाणवेल एवढा फरक पडायला एक दिवस पुरतच नव्हता. दहाव्या दिवशी ते ३ सेकंद पुढे होते, विसाव्या दिवशी ६ आणि तिसाव्या दिवशी ९. हे घड्याळ उत्तम आहे, असे मी त्या दिवशी म्हणालो, त्याआधी नाही.

यासाठी मी एक सोपी रीत वापरली. संगणकावर सेकंदांसह वेळ दाखवणारे पान उघडायचे आणि ते पान व घड्याळाची तबकडी एकाच छायाचित्रात टिपायची. मग सावकाश आकडे वाचता येतात. तबकडीकडे मात्र समोरून पाहावे, तिरके पाहिले तर काटा सेकंदभर इकडेतिकडे भासतो. दूरचित्रवाणीवरच्या घड्याळावर विसंबू नये, कारण डिजिटल प्रक्षेपण आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत काही सेकंद उलटून गेलेले असतात. संगणकाची वेळ इंटरनेटवरून अणुघड्याळांशी जुळवली जाते आणि घरच्या कामाला ती पुरेशी आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम १३३ या अणूच्या प्रारणाच्या ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनांवर बांधलेली आहे.

क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक इवलासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली, की बरोबर एक उरते आणि काटा एक घर पुढे सरकतो. या स्फटिकाला तापमान जाणवते. साधारण २५ अंश सेल्सिअसला त्याची गती सर्वांत जास्त असते आणि त्याहून ऊन किंवा थंड झाले, की दोन्हीकडे ती मंदावते. १० अंशांच्या फरकाने महिन्याला सुमारे ९ सेकंद मागे पडतात. म्हणून रोज मनगटावर असलेले घड्याळ आणि थंड कपाटात पडून राहिलेले घड्याळ, दोन्ही एकाच बनावटीची असली तरी, वेगळी चालतात. आणखी एक गोष्ट अनेकांना घाबरवते: काटा एकाएकी दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. बऱ्याच घड्याळांत ही सेल संपत आल्याची खूण असते, घड्याळ बिघडल्याची नव्हे. खोक्यात बरेच दिवस पडून राहिलेल्या नव्या घड्याळातही असे होऊ शकते.

ऑटोमॅटिक घड्याळाला मात्र हे माप लावणे अन्यायाचे आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने टोकियोत 'ॲस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, महिन्याला ५ सेकंदांच्या आत चालणारे, आणि तेव्हापासून आपल्या अपेक्षा बदलल्या. माझ्या घड्याळातले चाक तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे दिवसाला ६ लाख ९१ हजार २००, आणि तेही केसाएवढ्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोरावर, हात हलत असताना, दिवसभर गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत असताना. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत अकरा सेकंदांची चूक म्हणजे एका टक्क्याच्या साधारण ऐंशीव्या भागाएवढी. मला हे यंत्र नवलाचे वाटते आणि ते कोणी हिणवले, की खरोखर दुःख होते.

पण माझ्या दृष्टीने अकरा या आकड्याला महत्त्व नव्हतेच. पहिल्या आठवड्यात वहीत ११, १०, १२, ११, ९, ११, १० असे आकडे होते आणि माझा विश्वास बसला तो या सारखेपणामुळे. रोज अकरा सेकंद पुढे जाणारे घड्याळ कारागीर थोड्या वेळात जुळवून देऊ शकतो; एक दिवस तीन सेकंद पुढे आणि दुसऱ्या दिवशी वीस सेकंद मागे जाणाऱ्या घड्याळाचे काही करता येत नाही, मग त्याची महिन्याची सरासरी शून्य का भरेना. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीचे एच-४ हे घड्याळ १७६१-६२ मध्ये जहाजातून जमैकाला नेले, तेव्हा ८१ दिवसांत त्याची चूक अवघी ५ सेकंदांच्या आसपास निघाली. ते घड्याळ रोज अडीच सेकंदांहून थोडे अधिक मागे पडते, हे आधीच मोजून ठेवलेले होते आणि तेवढी वजावट करूनच हा आकडा आला होता. वजावट केली नसती, तर चूक साडेतीन मिनिटांच्या घरात गेली असती. आजही स्वित्झर्लंडमध्ये 'क्रोनोमीटर'चे, म्हणजे अचूक चालीच्या घड्याळाचे, प्रमाणपत्र देणारी सीओएससी ही संस्था घड्याळाचे यंत्र १५ दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत असावी, ही तिच्या सात कसोट्यांपैकी एक. बाकीच्या कसोट्या मुख्यतः ही चाल किती ढळते हेच पाहतात.

दुसऱ्या आठवड्यात मी रात्रीची जागा बदलून पाहिली. तबकडी वर करून सपाट ठेवले, की रात्रीत ६ सेकंद पुढे. चावी भरायची बाजूची गुंडी वर करून उभे ठेवले, की २ सेकंद मागे. तेव्हापासून ते रोज रात्री उभे असते आणि दिवसाचा फरक ३ सेकंदांवर आला आहे. एकोणिसाव्या दिवशी मात्र ते साडेतीन मिनिटे पुढे दिसले आणि माझेही धाबे दणाणले. आदल्या रात्री मी ते चुंबकाने बंद होणाऱ्या टॅबलेटच्या आवरणावर ठेवले होते. होकायंत्र जवळ नेताच सुई फिरली. कमानीला चुंबकत्व आले होते. अशा वेळी कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावू लागते. कारागिराने ते एका छोट्या यंत्रावरून फिरवून दिले, मिनिटही लागले नाही, आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा ३ आकडा आला.

म्हणून वाचकांना विनंती, की नवे घड्याळ आले, तर आधी सोबतच्या पत्रकातली चुकीची मर्यादा वाचावी. ऑटोमॅटिक असेल तर त्याची चावी हाताने पूर्ण भरून मगच वेळ लावावी, कारण अर्ध्या भरलेल्या चावीवर चाल बदलते. त्याला दोन आठवडे आणि क्वार्ट्झला महिना द्यावा, अर्थात बदलून घेण्याची मुदत उलटू न देता. आकडे रोज सारखे आले, पण मर्यादेबाहेर असले, तर घड्याळ जुळवून मागावे. आकडे सैरभैर असले, तर संकोच न करता ते बदलून घ्यावे, भेट देणाऱ्यालाही तेच हवे असेल. आणि आपणांस विनंती, की भेटवस्तूंची माहिती छापताना घड्याळांचे रंग आणि पट्टे यांच्या जोडीला उत्पादकाने सांगितलेली ही मर्यादाही प्रत्येक घड्याळाखाली छापावी. एका ओळीत मावते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक