शॅम्प्लेन तळ्यातली तोफांची होडी

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

बर्लिंग्टनच्या खोलीतून तळं दिसतं असं तू कळवलंस. त्याच शॅम्प्लेन तळ्यात, न्यूयॉर्कच्या बाजूला, व्हॅलकूर नावाचं बेट आहे. तिथे ‘फिलाडेल्फिया’ ही अमेरिकनांची तोफांची होडी १५९ वर्षं पाण्याखाली होती.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६च्या उन्हाळ्यात, तळ्याच्या दक्षिण टोकाच्या स्केन्सबरो गावी ती घाईघाईने बांधली. लांबी सुमारे ५४ फूट, तळ सपाट, डोलकाठी एकच. वारा पडला की वल्ही. नाळेवर १२ पौंडी (म्हणजे १२ पौंडांचा गोळा फेकणारी) तोफ आणि दोन्ही अंगांना एकेक ९ पौंडी. उघड्या होडीत चाळीसेक माणसं, स्वयंपाकाला विटांची चूल! कप्तान बेंजामिन रू. खलाशी म्हणून हाती आलेली बरीचशी पोरं पायदळातली. ताफ्याचा प्रमुख बेनेडिक्ट अर्नोल्डची (हो, पुढे इंग्रजांना फितूर झाला तोच) तक्रारच होती तशी.

११ ऑक्टोबरला इंग्रजांशी गाठ पडली आणि दिवसभर मारा खाऊन संध्याकाळी बुडाली. पुढच्या दोन दिवसांत बाकीच्या ताफ्याचीही वाताहत झाली. लढाई अमेरिकन साफ हरले. पण या होड्यांचं खरं काम एकही गोळा न सुटता आधीच झालं होतं. तळ्यात त्या आहेत म्हटल्यावर इंग्रज सेनापती कार्लटन मोठ्या जहाजाशिवाय पुढे सरकेना. ‘इन्फ्लेक्सिबल’ या जहाजाचा सांगाडा सुटा करून कॅनडातल्या सेंट जॉन्सला आणला, २८ दिवसांत पुन्हा जोडला. तोवर ऑक्टोबर उजाडला. तळ्याकाठचं क्राउन पॉइंट हे ठाणं घेऊनही थंडीच्या धास्तीने कार्लटन कॅनडात परतला. दक्षिणेकडची मोहीम वर्षभर लांबली आणि १७७७मध्ये इंग्रज सेनापती बर्गॉइनला न्यूयॉर्कमधल्या सॅराटोगाला शरण जावं लागलं.

१९३५मध्ये बुडालेली जहाजं शोधणाऱ्या लोरेन्झो हॅगलंडला ‘फिलाडेल्फिया’ सापडली तेव्हा डोलकाठी तळाशी ताठ उभी होती. तोफा होत्या, भांडी होती, बटणं होती, आणि जिने तिला बुडवलं त्या २४ पौंडी तोफेचा गोळाही. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सुट्टीत तिकडे गेलास तर गोळ्याने पाडलेलं भोक नीट बघ आणि फोटो पाठव. तिची हुबेहूब प्रतिकृती तुझ्या जवळच, व्हर्जेन्सला आहे. चाळीस माणसं तीत झोपत कुठे असतील, ते जमल्यास मोजून सांग. मला अजून जागा जुळत नाही.

तळं गोठलं की त्यावर चालायला जाऊ नकोस, असं आईने लिहायला सांगितलंय.

तुझा,
बाबा