रात्री गेम अडकतो, दोष घरातल्या वायफायचा नाही: इंटरनेट कंपनीकडे तक्रार

दि. 2 मे 2025
मानवत, जि. परभणी

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: रात्रीच्या वेळी पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) वाढणे व पॅकेट (डेटाचे तुकडे) गळणे; न सोडवताच तीनदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत.

महोदय,

12 फेब्रुवारीला आपल्या माणसांनी आमच्या स्लॅबवर टॉवरवरून इंटरनेट घेणारा अँटेना बसवला. 40 एमबीपीएसचा प्लॅन, महिन्याला 599 रुपये, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले. पहिले पाच-सहा आठवडे नाव ठेवायला जागा नव्हती. पाडव्यानंतर मात्र रात्री आठ ते अकरा ऑनलाइन गेम खेळता येत नाही. तीनदा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा मेसेज आला आणि त्याच रात्री गेम पुन्हा अडकला.

गेमची कसली तक्रार करता, असा सूर मला फोनवर ऐकावा लागला. त्याचे वाईट वाटले. आम्ही चौघे दहावीपर्यंत एका वर्गात होतो. आता एक चाकणला कंपनीत आहे, एक परभणीत, एक सेलूला आणि मी इथे. रात्री नऊनंतरचा तासभर बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतो, तीच आमची भेट. समोर शत्रू दिसतो, मी बटण दाबतो आणि पडदा थिजतो. दीड-दोन सेकंदांनी हलतो तेव्हा मी गेलेला असतो आणि मला वाचवायला धावलेला मित्रही. कोपऱ्यातला पिंगचा आकडा 45 वरून 380 वर गेलेला असतो. त्याच मॅचमध्ये, त्याच क्षणी सेलूच्या मित्राचा आकडा पन्नाशीच्या आत असतो. म्हणजे गेमचा सर्व्हर ठीक आहे.

दोष आधी माझ्या घरात शोधला, आणि थोडा सापडलाही. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता, तो काढून मोकळ्या भिंतीवर लावला. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात तो आपोआप चॅनल 3 पकडत होता आणि शेजाऱ्यांचे राउटर 1 व 6 वर होते, म्हणजे दोन्हीकडून घुसखोरी. मी 11 ठरवून दिला आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवली. खेळायचा फोन 5 गिगाहर्ट्झवर घेतला. आईच्या मोबाइलमधले फोटो रात्री आपोआप अपलोड व्हायचे, ते बंद केले, कारण अपलोडची वाट तुंबली की पिंग फुगतो. एवढे केल्यावर फोनपासून राउटरपर्यंतचा पिंग 60-70 मिलिसेकंदांवरून 2-3 वर आला.

तरीही रात्री नऊला तेच. मग मित्राचा लॅपटॉप आणून लॅनची वायर थेट राउटरला जोडली आणि घरातले वायफाय बंद केले. 192.168.1.1 ला, म्हणजे राउटरला, पिंग 1 मिलिसेकंद, एकही पॅकेट गळाले नाही. ट्रेसरूटमध्ये (डेटा कोणत्या टप्प्यांतून जातो ते दाखवणाऱ्या चाचणीत) पुढचा टप्पा आपल्या टॉवरचा. तिथे सकाळी 8 ते 10 मिलिसेकंद, रात्री साडेनऊला 300 च्या पुढे आणि शंभरातली 11 पॅकेट परत आलीच नाहीत. सलग चार रात्री हे केले. चारही रात्रींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. दोष माझ्या अँटेन्यापासून आपल्या टॉवरपर्यंतच्या वाटेत किंवा टॉवरवर आहे.

आपला तंत्रज्ञ 24 एप्रिलला सकाळी अकराला आला. मुलगा चांगला होता, उन्हात स्लॅबवर चढला. मोबाइलवर अँटेन्याचे पान उघडून त्याने सिग्नल पाहिला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. उणे 77 डीबीएम. बसवताना जॉब कार्डवर लिहिलेला आकडा उणे 58 आहे, म्हणजे सिग्नल बराच पडला आहे. त्यावर तो काही बोलला नाही. स्पीड टेस्ट लावली, 38 आले, आणि म्हणाला, "स्पीड तर चांगलं यायलंय दादा, गेमचं आमच्याकडं काही नसतं." तक्रार बंद.

आमच्याकडे जायकवाडीच्या कालव्यावर शेती आहे. चारीत पाणी किती येते हे एक आणि गेट उघडल्यापासून ते माझ्या वावरात पोचायला किती वेळ लागतो हे वेगळे. स्पीड टेस्टने आपण पाणी मोजता. गेमला थोडेच पाणी लागते, पण ते अखंड आणि वेळेवर लागते. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या ट्राय या दूरसंचार नियामकाच्या सेवा-गुणवत्ता नियमांतही वेगाबरोबर लेटन्सी (म्हणजे पिंगचा वेळ) आणि पॅकेट ड्रॉप (पॅकेट गळणे) हे निकष आहेत.

आता सिग्नल का पडला, ते. अँटेना आणि टॉवर यांच्या मधोमध शेजारच्या काकूंच्या दारातला कडुलिंब आहे. फेब्रुवारीत त्याची पानगळ चालू होती. अँटेना बसवला त्या दिवशी फांद्यांच्या आरपार टॉवरचे लाल दिवे दिसत होते. चैत्रात तो पालवला आणि आज अँटेन्याशेजारी उभे राहिले तर टॉवर दिसतच नाही, नुसता हिरवा पाला दिसतो. संध्याकाळी वारा सुटला की पिंग आणखी उड्या मारतो. पावसात पाने ओली होतील तेव्हा काय होईल, हे आपल्या इंजिनिअरना मी सांगायला नको. रात्रीच्या त्रासात लिंबाचा वाटा किती आणि टॉवरवरच्या गर्दीचा किती, हे मात्र टॉवरची आकडेवारी पाहून आपणच सांगू शकता. झाड तोडायला मी कुणाला सांगणार नाही. जागा पाहताना पानांचा विचार करणे हे बसवणाऱ्याचे काम होते.

माझी मागणी अशी: अँटेना जिन्याच्या टोपीवर न्यावा किंवा पाइप आठ-दहा फूट उंच करावा, दिशा पुन्हा जुळवावी आणि तपासणी रात्री नऊला, पिंग लावून करावी. सिग्नल सुधारूनही रात्रीचा पिंग उतरला नाही तर टॉवरवरचा भार कमी करावा. एप्रिलचे 599 रुपये पुढच्या बिलात वळते करावेत. तीन तक्रारींचे डॉकेट क्रमांक सोबत आहेत. सात दिवसांत कुणी आले नाही तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे आणि त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाईन.

मी रोज आठनंतर घरी असतो. टोपीवर चढायला शिडी लागेल, ती मी आणून ठेवली आहे.

आपला ग्राहक,
मानवत