फळ्यावरची याडी

सातारा,
९ नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र दिवाळीतच मिळालं, पण उत्तर मुद्दाम थांबवून ठेवलं. सुट्टी संपून मुलं वर्गात येऊ देत, मग लिहू म्हटलं. तू जे विचारलंयस ते घरात बसून सुचणारं नाही.

एका आईने शाळेत येऊन तुला सांगितलं, "आमच्या पोराची जागा बदला," कारण शेजारी ऊसतोड्यांचा मुलगा बसतो. आणि मग तू सगळ्यांना जवळ घेऊन म्हणालीस, "आपण सगळे सारखेच आहोत." अगं, मीसुद्धा हे वाक्य पंधरा वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. चार वर्षांच्या मुलाला डोळे असतात. एकजण काळा आहे, एकीचं जावळ अजून काढलेलं नाही, एकाच्या डब्यात अंडं असतं, एकाची आई बुरखा घालून सोडायला येते. हे त्याला रोज दिसतं आणि बाई म्हणतात सगळे सारखे. मग त्याला वाटतं, हे जे दिसतंय ते बोलायचं नसतं, म्हणजे ते वाईटच असणार. आपण गप्प बसलो की मुलं आपापला अर्थ लावून घेतात. वेगळेपणासाठी आपण चांगला शब्द दिला नाही, तर गल्लीतून दुसरा शब्द येतोच, आणि तो कसला असतो ते तुला-मला माहीत आहे.

मला हे माझ्याच एका चुकीतून कळलं. ती तुला आजवर सांगितली नव्हती.

गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा दोन-अडीच महिने माझ्या वर्गात होता. बंजारा समाजातला, घरी गोरमाटी बोलणारा. एकदा तक्त्यावरच्या बाईच्या चित्रावर बोट ठेवून मी विचारलं, "ही कोण?" तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, "याडी." पोरं हसली. पोरांना गप्प करायचं सोडून मी त्यालाच म्हणाले, "याडी नाही रे, आई म्हणायचं." त्याने मान खाली घातली आणि सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायला लागला. बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत गुंडाळला. पुढे आठ दिवस तो वर्गात एक शब्द बोलला नाही. हजेरीला नुसता हात वर करायचा.

घरी भाकरी थापताना ते बोट डोळ्यांसमोर यायचं. आई हा शब्द त्याला यायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तान्हा असल्यापासून ज्या शब्दाने तो आईला हाक मारतो, त्या शब्दाला मी सगळ्यांदेखत "नाही" म्हटलं होतं.

मग एका सकाळी फळा पुसला आणि प्रत्येकाला विचारलं, "घरी आईला काय म्हणता?" आई. मम्मी. अम्मी. एक मुलगी म्हणाली अव्वा. तिचं घर मूळचं जतकडचं, तिकडे घराघरांत कानडी आहे ते तू जाणतेसच. एकजण म्हणाला, "मी आज्जीलाच आई म्हणतो." सगळं फळ्यावर लिहीत गेले. वाचता एकालाही येत नव्हतं, पण आपला शब्द कुठे लिहिलाय ते प्रत्येकाने पक्कं ध्यानात ठेवलं. त्या मुलापाशी आले आणि काही न विचारता नुसती खडू धरून उभी राहिले. बराच वेळ गेला. मग अगदी हळू आवाजात तो "याडी" म्हणाला. मी 'आई'च्या शेजारी 'याडी' लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून एकेक शब्द म्हणवून घेतला. मधल्या सुट्टीत दोन मुली त्याला घेरून बसल्या होत्या: पाण्याला काय म्हणतोस, मांजराला काय म्हणतोस? तो सांगत होता आणि त्यांचे उच्चार दुरुस्त करत होता. मी लांबूनच पाहिलं.

त्याच दिवशी 'माझे कुटुंब'चा छापील तक्ता भिंतीवरून काढला. आई, बाबा, दादा, ताई, बंगला, कुत्रा. माझ्या वर्गातली निम्मी घरं त्यात बसत नाहीत. आता ज्याने त्याने आपल्या घरातली माणसं काढायची. किती आणि कोण ते त्याचं त्याने ठरवायचं.

नावाचंही तसंच. आपल्या जिल्ह्यातल्या नकुशा तुला आठवत असतील. मुलगी नको होती म्हणून नावच नकुशी. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये इथे साताऱ्यात २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली होती. त्यांतल्या काही मुली आता आया झाल्यात. यंदा प्रवेशाच्या वेळी एक बाई अर्ज भरायला आली. लेकीचं नाव सांगताना म्हणाली, "बाई, हे मी ठेवलंय. मला माझं दहा वर्षांनी मिळालं." एवढंच बोलली आणि सही केली. तेव्हापासून हजेरी घाईने घेत नाही. प्रत्येक नाव पूर्ण घेते, मुलाकडे बघून. आणि मुलांना नाव सांगताना आईचं नावही सांगायला लावते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर ते येणारच आहे. माझ्या वर्गात तोपर्यंत कशाला थांबायचं?

परवा ७ नोव्हेंबर झाला. १९०० साली याच दिवशी आपल्या साताऱ्यात, राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. २०१७ पासून सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. एवढ्याशा मुलांना यातलं काय सांगायचं, हा प्रश्न मला दरवर्षी पडायचा. यंदा एकच गोष्ट सांगितली. एक मुलगा होता. त्याला अभ्यासाची फार आवड. पण शाळेत त्याला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं आणि संध्याकाळी ते परत घरी आणावं लागायचं, कारण त्याच्या गोणपाटाला शाळेतला नोकर हात लावत नसे. मी सतरंजीच्या बाहेर कोपऱ्यात एक पोतं अंथरून दाखवलं. एका मुलीने विचारलं, "इथे जागा होती की मग?" मी म्हणाले, "होती." "मग का नाही बसू दिलं?" मी म्हणाले, "मोठ्या माणसांनी चूक केली." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण उठला, पोतं ओढत सतरंजीवर आणलं आणि त्यावर बसला. शेजारी अजून तिघं येऊन बसली.

म्हणून त्या आईच्या सांगण्यावरून जागा बदलू नकोस. पण तिच्याशी भांडूही नकोस, ती तिच्या सासूचं ऐकून आली असेल. मी काय करते ते सांगते: दर सोमवारी डब्यातून मणी काढायचा. एका रंगाचे दोन मणी ज्यांना आले ते आठवडाभर शेजारी. सगळ्या वर्गाला हाच नियम, त्यामुळे कुणा एकालाच मुद्दाम उठवलं, असं होत नाही. शेजाऱ्याबद्दल तुला काय माहीत झालं, हे शुक्रवारी सांगायचं. "त्याला लसणाची चटणी आवडते." "ती झोपताना आज्जीचा पदर धरते." पालक हे घरी ऐकतात. निम्मं काम तिथेच होतं.

आता एक सांगून थांबते. दिवाळीच्या किल्ल्यांची उरलेली माती मुलांकडून मागवली. कुणी यवतेश्वर घाटातली तांबडी आणली, कुणी नदीकाठची काळी. जुन्या ओढणीतून चाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि सांगितलं, स्वतःच्या हाताला लावून बघत बघत आपला रंग तयार करा. मग त्यांनी रंगांना नावं ठेवली: गुळासारखा, शेंगदाण्याच्या सालीसारखा, खापरासारखा. माझा चहासारखा, असं सगळ्यांनी ठरवलं. एक सावळी मुलगी मात्र खडूची पूड मिसळत राहिली. तिला घरी सारखं ऐकवतात, उन्हात जाऊ नको, काळी पडशील. मी पूड काढून घेतली नाही. माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तिने नवीन कागद मागितला. हात गुळाच्या रंगाचे केले, तोंड अजून पांढरंच आहे. कागद भिंतीवर लावलाय. रोज येता-जाता ती त्याच्याकडे बघते आणि मी तिच्याकडे.

टोळ्या यायला लागल्या आहेत. तो मुलगा याच बाजूला येईल की नाही कोण जाणे, पण त्याच्या नावाची पट्टी खुंटीवरून काढलेली नाही. आणि हो, पुढच्या आठवड्यात तुझे यजमान इकडे येणार आहेत ना? त्यांच्याबरोबर तासगावची काळी माती पिशवीभर पाठव. बागेतली असली तरी चालेल, फक्त खत नको. इथली संपत आली.

तुझीच,
वैजू

ता. क. आईंना सांग, लसणाच्या चटणीची बरणी रिकामी झाली.