बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या काकांना, खानापुरातून

ती. काकांना,
सा. न.

शनिवारी आमच्या प्रयोगशाळेत येऊन तुम्ही पोरांना मोजायला शिकवलंत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे ओ सर" म्हणून पावसापाण्याचं काढता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आता बदला विषय.

मायकेलसन इंटरफेरोमीटर, म्हणजे एक किरण दोन वाटांनी पाठवून परत एकत्र आणायचा आणि उमटणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या मोजून बारीक अंतर काढायचं यंत्र, मी बारा वर्षं शिकवतोय, त्यातला बराचसा फळ्यावरच. हेलियम-निऑन लेझर, तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, आरसा अर्ध्या तरंगलांबीएवढा सरकला की एक पट्टी जाते, शंभर पट्ट्या म्हणजे 31.64 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोरं प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर बरोबर 632.8 आणायची आणि मी दहापैकी दहा द्यायचो. गोव्याकडे जाणारा ट्रक बाहेरून गेला की पट्ट्या धड दिसायच्यासुद्धा नाहीत, तरी उत्तर तेच.

पहिल्या शनिवारी तुम्ही टेम्पोत बिडाची सरफेस प्लेट (अगदी सपाट केलेली जड पाटी) आणि स्कूटरची जुनी ट्यूब घालून आलात. ट्यूबमध्ये निम्मी हवा, वर प्लेट, प्लेटवर सगळी मांडणी. पट्ट्या थांबल्या. आमचा शिपाईसुद्धा बघायला आला.

मग एका मुलीनं वही दाखवली. तुम्ही विचारलंत, "किती वेळा मोजलीस?" "एकदा." "आकडा बरोबर आहे, खरं हा पुस्तकातला झाला. तुझा कुठाय?" तिला दहा वेळा मोजायला लावलंत. 626 पासून 641 पर्यंत आकडे आले, पोरगी रडायच्या बेतात. तुम्ही खुशीत! मी मात्र माझे दिलेले दहापैकी दहा आठवत बसलो होतो.

पट्ट्या मोजायला दोघांना बसवायची तुमची युक्ती आम्ही अजून चालवतो. एकानं मराठीत मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं कन्नडमध्ये, म्हणजे एकाच्या आकड्यामागं दुसरा वाहत जात नाही. मराठीवाला एकोणसत्तरला हमखास अडखळतो.

सगळ्यात जास्त बोललात ते हवेबद्दल. किरणाखाली नुसता तळहात धरलात आणि पट्ट्या वाहायला लागल्या. हवा एक अंश तापली की मीटरमागं साधारण एक मायक्रॉनचा फरक, हे त्या दिवशी पोरांना डोळ्यांनी दिसलं. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर, इथली हवा विरळ. लेझरनं मोजायच्या यंत्रात समुद्रकाठचा हवेचा दाब तसाच ठेवला तर मीटरमागं वीस मायक्रॉनहून जास्त चूक. लोखंडाचं तर विचारूच नका. 100 मिलिमीटरचा स्टीलचा गेज ब्लॉक (नेमक्या लांबीचा, मापं ताडून बघायचा ठोकळा) एक अंशानं तापला की साडेतीन पट्ट्यांहून जास्त वाढतो, म्हणून मापं 20 अंशांवरची सांगतात. किरण मीटरमागं एक मिलिमीटर तिरका गेला तर मापात अर्धा मायक्रॉन खातो, हेही तुम्ही दोरी ताणून दाखवलंत. आयुष्यभर सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशिनं लेझरनं तपासलेला माणूस हे सांगतो तेव्हा पोरं मोबाईल खिशात ठेवतात. माझ्या तासाला ठेवत नाहीत, असो.

यंदा वहीत दहा रीडिंग आणि खोलीचं तापमान नसेल तर मी सही करत नाही. दोन वह्या परत गेल्यात, एकाचे वडील भेटायलाही येऊन गेले.

तुमचा थर्मामीटर अजून आमच्याच कपाटात आहे. परत पाठवूया म्हटलं तर पोरं म्हणाली, काकांनाच न्यायला येऊ दे. ट्यूबमधली हवाही उतरलीय.

तुमचा,
खानापूरचा फिजिक्सवाला सर