ब्रश करताना येणारं रक्त

मिरज, रविवार

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

मावशीबरोबर भडंगाचा डबा पाठवलाय. त्यातले दाणे आधी वेचून खायची सवय तुला बाबांचीच. आता त्यांना दाणा चावत नाही, डावीकडच्या तीन दाढा गेल्यात. मी कूट करून देते, ते भातावर घालून खातात.

परवा फोनवर तू सांगितलंस, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ७.८ आली आणि गोळी सुरू झाली. मग जाता जाता म्हणालास, ब्रश करताना रक्त येतं, पेस्ट बदलून बघतो. तुझ्या लेखी ही दोन वेगळी दुखणी होती. मला रात्रभर झोप लागली नाही रे, कारण बाबांचं असंच सुरू झालं होतं.

त्यांच्या हिरड्यांतून चार वर्षं रक्त येत होतं. दातांच्या ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथे शुगर आहे का, असं एकदाही कुणी विचारलं नाही. दाढ हलली की काढायची, पुढच्या वर्षी दुसरी. तिसरीची जखम पंधरा दिवस भरेना, तेव्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. शुगर तीनशेच्या वर. शुगर चढलेली राहिली की हिरड्यांत जंतू ठाण मांडतात, जखम लवकर भरत नाही. आणि हिरड्यांना सूज राहिली की तीच शुगर खाली येऊ देत नाही. दोन्हीकडून कोंडी. हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर बाबांच्या दाढा राहिल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

आता दातांच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे जातो, त्यांनी पहिल्या दिवशी बराच वेळ तोंडात पाहिलंच नाही, नुसते प्रश्न विचारले. कोणत्या गोळ्या, किती वर्षांपासून? हृदयाच्या झडपेचं काही? रक्त पातळ करायची गोळी? हाडांच्या ठिसूळपणासाठी काही घेता का? तंबाखू, मशेरी? रात्री तोंडाला कोरड पडते? मग टोकाशी बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक काडी घेऊन त्या प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजत गेल्या. "तीन, दोन, तीन, पाच, सहा..." आणि बाजूची मुलगी लिहून घेत होती. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटायला लागलीय असं समजायचं. मी ते आकडे घरी वहीत उतरवले. हिरडीखालचं कीटण काढून घेतलं, दर तीन महिन्यांनी दाखवत राहिलो. वर्षभरात सहाचे चार झाले, आणि शुगरही थोडी उतरली. अर्थात पथ्य होतंच, फिरणं होतंच.

कीटण काढलं की दात हलतात, असं आजी म्हणायची. तू तेच धरून बसू नकोस. हिरडी आधीच सुटलेली असते, कीटण निघालं की ते जाणवतं, एवढंच.

माझं दुखणं निराळंच निघालं. मला शुगर नाही, दात रोज दोनदा घासते, तरी पुढच्या दातांमधली हिरडी फुगून वर यायला लागली होती. बाईंनी माझी बीपीच्या गोळीची पट्टी मागितली. अमलोडिपिन. काहीजणांची हिरडी त्या गोळीने वाढते म्हणे. त्यांनी मला गोळी थांबवू दिली नाही, आपल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी गोळी बदलून दिली. काही महिन्यांत हिरडी बसली. एकाच घरात, एकाच पेस्टने दात घासणाऱ्या आम्हा दोघांना दोन वेगळे उपाय लागले, बघ. तुझ्या ताईला बाई म्हणाल्या, वर्षातून एकदा दाखवलंस तरी पुरे. तुला ते पुरणार नाही.

म्हणून पेस्ट बदलत बसू नकोस. या आठवड्यात जा. शुगरचा रिपोर्ट बरोबर ने, गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो ने, वडिलांना मधुमेह आहे हे सांग. रात्रपाळीला तू पाकिटातली बिस्किटं खातोस आणि गोड चहा घेत राहतोस, तेही सांग, लपवू नकोस. कितव्या महिन्याला परत यायचं ते त्यांना तुझ्या तब्येतीकडे बघून ठरवू दे. आणि शुगरच्या डॉक्टरांनाही हिरड्यांचं सांग, ते आपणहून विचारतीलच असं नाही. इराला दम्याचा पंप दिल्यावर चूळ भरायला लावतेस का, ते सूनबाईंना विचार. पंपात स्टिरॉइड असेल आणि ते तोंडात राहिलं तर पांढरी बुरशी धरू शकते.

खोली मोजून झाली की आकडे मला फोनवर सांग. बाबांच्या वहीत तुझ्या नावाचं एक पान मी काढून ठेवलंय.

तुझी,
आई