पातळ पुस्तकांची यादी

वाई,
आषाढातला पहिला रविवार

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत म्हणालीस, "आई, चार-पाच पातळ पुस्तकं सांग ना, पटकन होतील अशी." मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री ओटा आवरताना मला हसू फुटलं. बाबा विचारतायत काय झालं, आणि मला सांगता येईना. अगं, बत्तीस वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसून हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! 2015 पासून 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन सुरू झाला. त्या दिवशी शाळेची पोरं रांगेनं यायची, कपाटांकडे ढुंकूनही न बघता थेट टेबलाशी. "मॅडम, पातळ द्या." पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. अंगठा आणि बोट यांच्यात ग्लुकोज बिस्किटाएवढी फट धरून दाखवायची. एवढं. आणि आता सत्तावीस वर्षांची माझी लेक बंगळुरूत बसून तीच फट दाखवतेय.

जानेवारीत तू 52 पुस्तकांचा संकल्प सोडलास, त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकलास, मामानं टाळ्या वाजवल्या. आता 11 झालीत आणि ते अ‍ॅप म्हणतंय की तू 16 पुस्तकांनी मागे आहेस. आमच्याकडे पुस्तक उशिरा आणलं की दंड होता, पण वाचलं नाही म्हणून आम्ही कधी कुणाला घरी कार्ड धाडलं नव्हतं.

आकड्यांना माझा विरोध आहे असं समजू नकोस. माझी अख्खी नोकरी आकड्यांवर गेली. वाचनालय अ वर्गात, ब वर्गात, क की ड, हे ठरताना पुस्तकं किती, सभासद किती, सगळं मोजलं जातं आणि त्यावर अनुदान ठरतं. मार्च आला की मी स्वप्नातसुद्धा दाखल नोंदवहीची बेरीज करायचे. म्हणून खुशाल मोज. पण 52 कुठून आणलेस? वर्षाचे आठवडे मोजलेस, एवढंच ना? आमच्या वाचनालयाचा नियम होता एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवस. म्हणजे वर्षाला 24. हा आकडाही कुणी पुण्यवंतानं विचार करून काढलेला नाही. पुस्तकं कमी आणि सभासद जास्त, म्हणून तो पडला. पण तुला वाचायची सवय लागली ती त्या 24 मध्येच. चौथीत कार्ड काढून दिलं तेव्हा तू पुस्तक तीन दिवसांत संपवायचीस आणि उरलेले बारा दिवस तेच पुन्हा वाचायचीस, कारण दुसरं मी देत नव्हते. स्वतःच्या मुलीला नियमातून सूट दिली असती तर अध्यक्षांनी काही म्हटलं नसतं. मीच दिली नाही. त्यावरून तू एकदा दोन दिवस अबोला धरला होतास, आठवतंय?

तर यादी. पातळ मागितलीस, पातळच देते. मात्र पुस्तकाची पानं आणि त्याला लागणारा वेळ यांचं सूत जुळेलच असं नाही, हे टेबलामागे बसणाऱ्याला लवकर कळतं. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या शिक्क्यांवरून ते दिसतं. रहस्यकथांवर आठ-आठ दिवसांनी शिक्के. आणि काही सडपातळ पुस्तकं अशी की पंधरा दिवस, मग पुन्हा पंधरा दिवसांची मुदतवाढ, तीही त्याच माणसाला.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घे. सव्वाशेच्या आसपास पानं. युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले ज्यू, त्यांतली हॅर्टा, आणि मुंबईला परतणारा चक्रधर. कादंबरी आली 1939 साली, म्हणजे महायुद्ध पेटलं त्याच वर्षी; पुढे काय वाढून ठेवलंय हे लिहिणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसताना. एका रविवारी दुपारी संपेल. पण सोमवारी दुसरं पुस्तक उघडशील असं मला वाटत नाही. मला आठ दिवस उघडवलं नव्हतं. म्हणजे तुझ्या हिशेबानं हे पुस्तक तोट्याचं.

दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1955 सालचं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर नेमणुकीवर जातो, एवढीच गोष्ट. हे मी अण्णांना वाचून दाखवलं होतं. तू तेव्हा पहिलीत. अण्णा दहिवडीकडचे, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेला माणूस, आणि शेवटी शेवटी मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. रात्री जेवणं झाली की मी त्यांच्या कॉटशी स्टूल घेऊन बसायची. चार ओळी झाल्या की ते हात वर करायचे, की मी थांबायचं. मग त्यांच्या गावचा कारभारी, त्यांच्या गावची मेंढरं, कुणाच्या वाड्याला लांडगा लागला, कुणाची घोंगडी कुणी पळवली. पुस्तकाचं एक पान, अण्णांची तीन. शेवटाकडे दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. त्या पानाशी आलो तसे अण्णा भिंतीकडे तोंड करून निजले. मीही दिवा घालवला. राहिलेली थोडी पानं आम्ही चार दिवस वाचलीच नाहीत. पाचव्या दिवशी तेच म्हणाले, "वाच, होऊन जाऊ दे."

त्या एवढ्याशा पुस्तकाला आम्हाला दोन महिने लागले. तू विचारलं होतंस ना, मेट्रोत कानात लावून ऐकलेलं पुस्तक मोजायचं की नाही? अण्णांनी 'बनगरवाडी' हातातसुद्धा धरलं नव्हतं. आता तूच ठरव.

जरा कमी पातळ चालणार असेल तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फेडायला म्हणून उत्तरेकडे निघाले; बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. साल कुठलं निवडलं, तर 1857! झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा भटजी शहरात. मिळवलेलं लुटलं जातं, पुन्हा मिळवतात, पुन्हा लुटलं जातं, आणि शेवटी गृहस्थ आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात घरी येतात. 1907 साली चिं. वि. वैद्यांनी ते छापलं. इतिहासाच्या पुस्तकात लढाई असते. इथे लढाई चालू असताना स्वयंपाकाचं काय, पाण्याचं काय, तेही आहे. जुनी भाषा पहिली दहा पानं अडखळवेल, मग तीच ओढत नेते.

जाड पुस्तकांचं उलटंही असतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बघून तू नाक मुरडशील, पण ती बाई बोलायला लागली की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. नवरा धर्म बदलतो, घर मोडतं, माणसं तोडतात, आणि ही बाई त्यातही स्वतःच्या फजितीवर हसते. मी ते सहा दिवसांत संपवलं, तेही ऐन मार्चमध्ये. दोनशे पानी नवीन कादंबऱ्या मला याहून जड गेल्यात. नावं लिहीत नाही, त्यांतली दोन तूच भेट दिली होतीस.

आता माझी वही. निळ्या कव्हरची, देवघराच्या फडताळातली, जिला तू लहानपणी किराण्याची वही समजायचीस. त्यात तीन रकाने आहेत: वाचलेली, सोडलेली, आणि सोडल्याचं कारण. काल सगळी चाळली. "पान 40. नायक फार बोलतो." "पान 112. हिला अजून किती रडवणार?" "पान 12. छपाई बारीक, चष्मा बदलायला हवा." 'कोसला' दोनदा सोडलेलं आहे. पहिल्यांदा कारण लिहिलंय, "'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांनी डोकं उठलं." दुसऱ्यांदा नुसतंच "वगैरे". तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, आणि तुझा मामा पुण्याहून शिक्षण अर्धवट टाकून घरी येऊन बसलेला. दिवसभर आढ्याकडे बघत पडायचा. पांडुरंग सांगवीकर तेव्हा मला कळला. नेमाड्यांची ही कादंबरी 1963 ची, लिहिली तेव्हा ते पंचविशीतले. मला वाचता यायला त्यांच्याहून पंधरा वर्षं जास्त लागली, एवढंच.

वही चाळताना एक गंमत सापडली. कारणांच्या रकान्यात चौदा ठिकाणी एकच शब्द आहे: "नंतर." पुस्तक चांगलं आहे, पण अण्णांचं आजारपण. चांगलं आहे, पण तुझी दहावी. चांगलं आहे, पण वाचनालयाचं तपासणी पथक येतंय. दर पाडव्याला मी यातली तीन काढते आणि त्या वर्षात ती संपवते. बाकी येईल ते वाचते, न मोजता. हा माझा वर्षाचा संकल्प. गुढीला नैवेद्य दाखवून झाला की वही उघडायची, तीन नावांखाली रेघ मारायची, की झालं. तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये सोडलेल्यांचा रकाना आहे का? असला तर तो लपवून ठेवू नकोस. नसला तर वहीच घाल. या सहा महिन्यांत तू अर्धवट टाकलेली निदान सहा-सात तरी असणार. त्यांतलं कुठलं कंटाळून टाकलंस आणि कुठलं ऑफिसच्या रगाड्यात राहिलं, एवढं वेगळं कर. दुसऱ्या ढिगातून पुढची तीन उचल. 52 चं काय करायचं ते तू आणि तुझा मामा बघा.

दिवाळी अंक मोजायचे का, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. मोज. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी माणसाचं निम्मं वाचन त्यात झालंय. आमच्या दिवाळी अंक योजनेला वर्गणी वेगळी असायची, आणि वर्षभर न फिरकणारे सभासद तेव्हा मात्र पहिला अंक मिळावा म्हणून शटर उघडायच्या आधी पायरीवर उभे. त्यांना अ‍ॅप नव्हतं.

सोबत तीन पुस्तकं पाठवतेय. 'रणांगण' आणि 'बनगरवाडी' तर आलीच. दोन्ही माझ्या कपाटातली, वाचनालयाची नाहीत, तेव्हा घाबरू नकोस. 'बनगरवाडी'त मधेमधे समासात पेन्सिलीनं नावं दिसतील: येसाबा, कोंडीबा, थोरली मेंढी. ती माडगूळकरांची नव्हेत, अण्णांची. विसरेन म्हणून तेव्हा लिहून ठेवली. खोडू नकोस.

तिसरं दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. तिघांत सर्वांत हळू जाणारं, आणि तुझ्या आकड्याचं सर्वांत मोठं नुकसान करणारं. मराठी महिन्यांवरचे लेख आहेत, एका महिन्याला एक. झाडं, फुलं, पाखरं, आभाळ. एका बैठकीत संपेल, पण संपवायचं नाही. चैत्राची वाट बघू नकोस. आता आषाढ लागलाय, आषाढाचा लेख काढ, वाच आणि मिटून ठेव. पुढचा श्रावणात. बंगळुरूत तुझ्या खिडकीतून कुठलं झाड दिसतं ते तू मला कधी सांगितलेलं नाहीस. बहुधा तुलाच माहीत नसेल. इथे पसरणी घाटावर ढग उतरलेत आणि कृष्णेचं पाणी गढूळ झालंय. भिलारला, त्या पुस्तकांच्या गावाला, जायचं आपलं 2017 पासून राहिलंय. घराघरांत मांडलेली पुस्तकं बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि आपण घाट चढून तासाभराच्या आत पोचणारे अजून गेलो नाही. तेही "नंतर"च्या रकान्यात. गणपतीत येशील तेव्हा जाऊ.

'ऋतुचक्र' मात्र मला पुढच्या ज्येष्ठाच्या अमावास्येला परत हवंय. उशीर झाला तर रोजचा एक रुपया दंड. अध्यक्षांची मुलगी असली तरी मी सोडली नसती.

तुझी,
आई

ता. क. डब्यात बेसनाचे लाडू आहेत. तूप सुटलंय, म्हणून डबा खाली आणि पुस्तकं वर बांधलीत. उघडताना खोकं उलटं करू नकोस. आणि लाडू खाल्लेल्या हातानं पानं उलटायची नाहीत, हे आता या वयात सांगायला लावू नकोस.